वळचणीचे लाकूड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आले. दापोली तालुक्यातले आमचे घर त्याच्या थेट वाटेवर नव्हते, कडेला होते. पण तेवढे पुरले. पुढच्या पडवीची कौले उडाली, वळचणीकडचे अकरा वासे मोडले आणि उत्तरेकडचा जुना फणस मुळासकट आडवा झाला. टाळेबंदीचे दिवस, डोक्यावर पावसाळा, गावात माणूस मिळेना. रस्ता मोकळा करायचा म्हणून फणसाचे तुकडे झाले आणि ते सरपणाच्या भावात गेले. पावसाळा ताडपत्रीखाली काढला. दिवाळीनंतर तालुक्याच्या गावातल्या एका वखारीतून नवे वासे आणले. बिलावर स्पष्ट लिहिले होते : साग.

२०२४च्या श्रावणात त्यातल्या एका वाशाचे टोक मी हाताने सहज दाबले, तर ते भिजलेल्या बिस्किटासारखे चुरले. अकरापैकी आठ वाशांची टोके तशीच झाली होती. त्यांच्यापासून चार हातांवर, ओटीवर, आजोबांनी १९३६ साली उभे केलेले खांब जसेच्या तसे होते. एकीकडे अठ्ठ्याऐंशी वर्षे, दुसरीकडे चार पावसाळे, आणि नाव दोन्हीकडे एकच, साग. असे का झाले, हे समजून घेण्यात माझे वर्ष गेले. कोकणात आज शेकडो जुनी घरे अशाच डागडुजीला आली आहेत, म्हणून ते इथे मांडतो आहे.

वहीतले घर

आजोबांची घरबांधणीच्या खर्चाची एक वही आमच्याकडे आहे. अर्धी मोडीत, अर्धी बाळबोधीत. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडून ती वाचून घेतली, तेव्हा लक्षात आले की घराला ‘लाकूड’ असे सरसकट कुठेच आलेले नाही. प्रत्येक जागेपुढे झाडाचे नाव आहे. ओटीचे खांब आणि बाहेरच्या चौकटी सागाच्या. तुळया किंजळीच्या. वासे ऐनाचे. दारांच्या फळ्या फणसाच्या. कुंपणाचे, म्हणजे थेट मातीत पुरायचे खुंट खैराचे. गोठ्याचे वासे जून माडाचे, त्यावरच्या रिपा पोफळीच्या. आणि आंबा? आंबा फक्त माळ्यावर, माजघराच्या वरच्या फळ्यांना.

आधी मला ही यादी ऐपतीची वाटली : पैसे असतील तिथे साग, नसतील तिथे आंबा. पण कागदावर घराचा आराखडा काढून त्यावर ही झाडे लिहीत गेलो, तेव्हा वेगळेच चित्र उमटले. आंब्याचे लाकूड लवकर कुजते, भुंगेरे त्यात झटकन शिरतात. म्हणून ते घराच्या सर्वांत कोरड्या जागी, चुलीच्या धुराच्या टप्प्यात बसवले होते. खैर हे सर्वांत चिवट, म्हणून ते सर्वांत वाईट जागी, ओल्या मातीत. बाकीची झाडे या दोन टोकांच्या मध्ये आपापल्या जागी. तो घरातल्या ओलाव्याचा नकाशाच होता. दुरुस्ती करताना मी तो वाचला नव्हता. दुकानात जाऊन ‘चांगले लाकूड द्या’ एवढेच म्हणालो होतो.

साग म्हणजे कुठला साग?

सागावरचा आपला विश्वास उगाच नाही. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली. त्यांतले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. इंग्रजांना ओक वृक्षाच्या कमतरतेने सतावले होतेच; शिवाय ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागात ते होत नाही. मागणी एवढी वाढली की मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी १८४०च्या दशकात निलंबूर इथे सागाची मुद्दाम लागवड सुरू करवली.

पण जहाजाचा साग आणि माझ्या वाशांचा साग यांत फरक होता. तो मला गावच्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी दाखवला. त्यांनी कुजलेल्या वाशाचा आतला, शाबूत भाग करवतीने आडवा कापला आणि चकती माझ्या हातात दिली. कडेला फिकट पिवळसर पट्टा, मध्ये एका कोपऱ्यात रुपयाएवढा तपकिरी डाग. काका म्हणाले, “भाऊ, ह्यात साग किती आहे तेवढा मोजा.”

या एका वाक्यात लाकडाच्या टिकाऊपणाचे शास्त्र आहे. झाडाच्या खोडातला बाहेरचा भाग जिवंत असतो. त्यातून मुळांकडचे पाणी वर जाते आणि त्यातल्या पेशींत पिष्टमय अन्न साठवलेले असते. याला रसकाष्ठ म्हणतात. झाड जाड होत जाते तशी आतली वलये या कामातून निवृत्त होतात. त्यांतले अन्न काढून घेतले जाते, पेशी मरतात आणि मरता मरता त्यांत टॅनिने, रंगद्रव्ये, तेलकट आणि राळेसारखी द्रव्ये भरली जातात. तो झाला गाभा. बुरशीला आणि वाळवीला तो नकोसा असतो, तो या द्रव्यांमुळे. सागातल्या अशा एका द्रव्याचे नावच टेक्टोक्विनोन आहे.

मराठी माणसाला हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. पानात आपण जो कात लावतो, तो खैराच्या गाभ्याच्या चिपा उकळून काढतात. चिपळूण-सावर्डे परिसरातल्या कातभट्ट्यांत हेच चालते आणि कातकरी समाजाचे नावही या कामावरून पडले आहे. तोंड आवळणारा तो तुरटपणा हेच खैराच्या खुंटाचे चिलखत. फणसाचा गाभा पिवळाजर्द असतो. तो उकळून निघणाऱ्या रंगात बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवण्याची जुनी रीत आहे. रंग दिसला की टिकाऊपणाची हमी मिळाली असे नव्हे, पण गाभ्यात काहीतरी भरलेले आहे एवढे तो सांगतो.

उलट, रसकाष्ठ कोणत्याही झाडाचे असो, बाहेरच्या हवेत टिकत नाही. सागाचे रसकाष्ठ आणि आंब्याचे लाकूड यांत पावसाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. आजोबांनी वापरलेली झाडे जंगलातली, जुनी, जाड बुंध्याची. त्यांत गाभा भरपूर. आज बाजारात येणारा बराचसा साग लागवडीचा असतो, देशातला तसाच आफ्रिकेतला आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतलाही. तो वीस-पंचवीस वर्षांत तोडलेला असतो. झाड कोवळे म्हणून गाभा थोडा, आणि जो असतो त्यातही ही रक्षक द्रव्ये जुन्या झाडाच्या मानाने कमी. विकणारा खोटे बोलला असे मी म्हणणार नाही, साग होताच. विचारायचा प्रश्न मी विचारला नव्हता.

माड आणि पोफळ यांचा हिशोब नेमका उलटा आहे. ती ताडकुळातली झाडे. त्यांना वाढीची वलये नाहीत आणि खरा गाभाही नाही. त्यांचा कठीण भाग बाहेर, सालीलगत असतो आणि मध्यभाग भुसभुशीत. म्हणून सागाचा वासा घेताना कडेचे टाकून मधले घ्यायचे आणि माडाचा घेताना मधले टाकून कडेचे. वहीत माडापुढे ‘जून’ हा शब्द आवर्जून होता, तो यासाठी. कोवळ्या माडाचा कडेचा भागही पुरता घट्ट झालेला नसतो.

पाण्याची वाट

गाभा कमी होता हे झाले अर्धे उत्तर. त्याच अकरा वाशांपैकी तीन चांगले राहिले होते आणि खराब झालेल्या आठांचीही फक्त बाहेरची दीड-दोन फूट टोके गेली होती. घराच्या आतला भाग, तेच हलके लाकूड, ठणठणीत होता. म्हणजे दोष निम्मा लाकडाचा, निम्मा जागेचा.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला अन्न, हवा, ऊब आणि पाणी या चारही गोष्टी लागतात. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांहून कमी पाणी असेल, तर बुरशी वाढत नाही. कोकणच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की छपराखालचे, एकही थेंब न पडलेले लाकूडसुद्धा या सीमेच्या अगदी जवळ जाऊन पोचते. मग एखादी बारीक गळती त्याला पलीकडे ढकलायला पुरते. दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा पाणी लागणारच नाही असे घर इथे बांधता येत नाही. लागलेले पाणी लगेच निघून जाईल असे बांधावे लागते.

बुरशीला हवाही लागते, हे विसरले तर काही जुन्या रीती कोड्यासारख्या वाटतात. उंबराचे लाकूड खांबाला कोणी वापरत नाही. पण विहिरीच्या तळाशी, कायम पाण्याखाली, तेच वर्षानुवर्षे टिकते असा जुना अनुभव आहे. पाण्याखाली हवा नाही म्हणून बुरशी नाही. सर्वांत वाईट जागा पाण्यातली नव्हे आणि कोरडीही नव्हे. जिथे ओले-सुके, ओले-सुके होत राहते ती. मातीतून वर आलेल्या खुंटाचा जमिनीलगतचा वीतभर भाग आणि वळचणीतले वाशाचे टोक या तशा जागा.

वाशाचे टोक तर दुहेरी अडचणीत असते. लाकूड म्हणजे लांब नळ्यांची मोळी. बाजूने पाणी सावकाश मुरते, पण कापलेल्या टोकाशी नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि तिथून ते कित्येक पट वेगाने आत जाते. २०२०च्या दुरुस्तीत मी या उघड्या तोंडांवर, शोभा म्हणून, एक सलग फळी ठोकली होती. फळी आणि टोक यांच्या फटीत पाणी शिरायचे आणि वाळायला वाट नव्हती. तिच्यापुढे पत्र्याची पन्हळ लावली. तिच्यात आंब्याची पाने तुंबली की पाणी मागे उलटून वाशांवर यायचे. वर भिंतीतल्या वाशांच्या खाचा सिमेंटने गच्च भरल्या. वरून तैलरंग. हे सगळे घर ‘पक्के’ व्हावे म्हणून केले होते. जे तीन वासे वाचले, ते पन्हळ जिथे संपते त्याच्या पलीकडचे होते.

जुन्या बांधणीत यातले काहीच नव्हते. कौले वाशाच्या टोकाच्या पुढे चार बोटे आलेली, पागोळ्या थेट अंगणात पडणाऱ्या. वाशांची टोके उघडी, वारा लागणारी. खांब जमिनीत पुरलेले नव्हते, दगडी तळखड्यावर उभे होते. तळखड्याने मातीतली ओल तर वर चढत नाहीच, पण आणखी एक गोष्ट होते : वाळवीला खांबात जायचे तर दगडावरून मातीचा बोगदा बांधावा लागतो आणि तो केर काढणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी दिसतो.

देहरादूनचे स्मशान

कोणते लाकूड किती टिकते, हे देशात पद्धतशीरपणे तपासले ते देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेने. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने वेगवेगळ्या झाडांच्या गाभ्याचे खुंट वाळवी असलेल्या उघड्या जमिनीत रांगेने अर्धे पुरले आणि दर काही महिन्यांनी उपटून पाहिले. थडग्यांसारख्या त्या रांगांमुळे या चाचणीला ‘ग्रेव्हयार्ड टेस्ट’ हेच नाव पडले. खुंट सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकले तर दुसरा, त्याहून कमी टिकले तर तिसरा. साग, साल, देवदार पहिल्या वर्गात. आंबा, सावर तिसऱ्यात.

ही वर्गवारी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे आकडे गाभ्याचे आहेत. आणि ते बारीक खुंटाचे, मातीत पुरलेल्या स्थितीतले आहेत. सागाचा खांब दहाच वर्षे टिकतो असा त्याचा अर्थ नाही. तळखड्यावर, छपराखाली तोच खांब शतक काढतो. क्रम महत्त्वाचा, आकडा नव्हे.

याच संस्थेत सोंती कामेसम या शास्त्रज्ञांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. दाबाखाली ते लाकडात भरले की आत पक्के बसते, पावसाने धुऊन जात नाही. पुढे जगभर विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर यांसाठी ते वापरले गेले. त्यात आर्सेनिक असल्याने अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते मागे घेण्यात आले. बोरॅक्स-बोरिक आम्लाचे द्रावण त्यामानाने निरुपद्रवी, पण पावसात विरघळून निघून जाते. म्हणून ते छपराखालच्या लाकडालाच उपयोगी. यातली गंमत अशी की औषध पितो तो फिकट, कमकुवत रसकाष्ठाचा भाग; गाभ्यात ते शिरतच नाही. आणि ब्रशने वरवर फासलेले कोणतेही औषध कापलेल्या टोकांना थोडे मुरते, बाकी कातडीपुरते राहते. आमच्याकडे काजूच्या टरफलाचे तेल लावतात. ते चांगले, मात्र हातांना लागले तर कातडी सोलून काढते.

अंगणातला फणस

एवढे कळल्यावर प्रश्न उरला : आता वासे कशाचे? सुतारकाकांनी मान वर करून विहिरीजवळच्या फणसाकडे पाहिले. “दुकानात कशाला जाता? गाभा दारात उभा आहे.” खरे होते. बुंधा माझ्या कवेत मावत नाही. आई ओटीवर बसली होती, ती काही बोलली नाही. तो तिच्या सासूबाईंनी लावलेला.

कायद्याने हे झाड मनात आले म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे आहेत; स्वतःच्या जमिनीतले असले तरी परवानगी लागते. परवानगी कदाचित मिळालीही असती. पण त्या दिवसांत मी रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ पुन्हा काढले. आरमाराला मोठे लाकूड लागते, ते कुठून आणावे याचा त्यात विचार आहे. जंगलातला साग परवानगीने तोडावा, कमी पडले तर विकत आणावे, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असे अमात्य सांगतात. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे आहेत हे त्यांना ठाऊक आहे. तरी ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात, हे कारण ते देतात. अगदीच जीर्ण झालेले झाड असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावे.

मला त्यातला काळाचा हिशोब पटला. टिकाऊ लाकूड म्हणजे साठवलेला काळ. आपण विकत घेतो ती वर्षे असतात, घनफूट नव्हे. उत्तरेकडच्या फणसाची ऐंशी-नव्वद वर्षे मी २०२०मध्ये चुलीत घालवली होती. तेव्हा ओंडके दगडांवर उचलून, टोकांना शेण-माती लिंपून सावलीत ठेवले असते, तर आज घरचाच गाभा वाळून तयार होता. वादळात पडलेल्या झाडाचे काय करायचे, हे ठरवण्याचीही एक वेळ असते. ती गेली. दुसऱ्या फणसाने त्याची भरपाई करायची नाही, एवढे मी ठरवले. आईला सांगितले, तर ती म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

शेवटी वासे आले ते एका पाडलेल्या घरातून. शेजारच्या तालुक्यात एक चौसोपी घर उतरवून त्या जागी इमारत होत होती. लाकूड विकायला काढले होते. जुना साग, पूर्ण गाभ्याचा, कित्येक दशके वाळलेला. जुने लाकूड घेताना काका तीन गोष्टी करतात. हातोडीने ठोकून पाहतात : खणखणीत वाजले तर ठीक, बद वाजले तर आत पोकळ. टोच्या खुपसून पाहतात, विशेषतः जिथे ते भिंतीत किंवा दुसऱ्या लाकडावर टेकलेले होते तिथे. आणि खिळे एकेक करून काढतात, कारण करवतीचे दात त्यावरच जातात. कमी पडले तिथे ऐनाचे चार वासे घेतले, चारही टोके आडवी कापून, गाभा पाहून. फिकट कड रंध्याने उतरवली, तेव्हा माप घटले आणि पैसे वाढले. ते मान्य केले.

पूर्ण वासे बदललेच नाहीत. शाबूत भाग तसाच ठेवून त्याच्या बाजूने नवा वासा भिंतीच्या आतपर्यंत घेऊन जोडला. ऐनात टॅनिन भरपूर, साध्या लोखंडाने ते काळे पडते, म्हणून बोल्ट न गंजणारे वापरले. भिंतीच्या खाचांतले सिमेंट फोडून वाशाभोवती बोटभर फट मोकळी ठेवली. टोके तिरकी कापली, तेल तीनदा मुरवले. फळी आणि पन्हळ काढून टाकली. पागोळ्या पुन्हा अंगणात पडतात. पडवीत पूर्वीपेक्षा जरा जास्त शिंतोडे येतात.

त्या वाशांवर खाली पाहताना जुन्या सुताराने कोरलेले खुणेचे आकडे दिसतात. ते आमच्या घराचे नाहीत. कोणाच्या तरी माजघरातला सातवा वासा आमच्या वळचणीत पहिला झाला आहे. ते घर उभे राहिले असते तर हे लाकूड मला मिळाले नसते, हे विसरता येत नाही.

आजोबांच्या वहीत शेवटची काही पाने कोरी होती. त्यांतल्या एकावर मी २०२५ची दुरुस्ती लिहून ठेवली आहे : कोणत्या जागी कोणते झाड, कुठून आणले, सांधा कुठे आहे. खाली काकांनी सांगितलेली सूचना. दर वर्षी पाऊस संपला की दिवाळीच्या झाडलोटीत पडवीच्या प्रत्येक वाशाचे टोक टोच्याने तपासावे. यंदाचे तपासून झाले. सगळी टोके घट्ट आहेत.